खरवडलेली पट्टी

दिवाळीच्या आगेमागे आमच्या सेक्टरातल्या सातविणी फुलतात. फुलांत बघण्यासारखं काही नाही, हिरवट पांढरे गुच्छ नुसते. पण वास असा, की खिडक्या लावल्या तरी घरात येऊन बसतो. माझा मुलगा दिल्लीत वाढला, त्याला सातवीण हा शब्द ठाऊक नाही. लहानपणी तो त्याला 'डोकेदुखीवालं झाड' म्हणायचा, अजूनही तेच म्हणतो. याच दिवसांत हवेत धूर उतरतो. सकाळी नऊ वाजताही सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. कोपऱ्यावर शकरकंदीवाला निखाऱ्यांत रताळी पुरून बसतो, वर लिंबू पिळून पानावर देतो. बायका गच्च्यांवर रजया उन्हात टाकतात. घसा खवखवायला लागतो. आणि मला परीक्षेची आठवण येते.

परीक्षा माझी नव्हे. मी आयुष्यात दिलेल्या परीक्षा मी केव्हाच विसरलो. ती नसीमची होती. हल्ली ती परीक्षा वेगळ्याच महिन्यात होते म्हणतात. माझ्या लेखी ती नोव्हेंबरातच होते.

सकाळी फिरायला निघालो की मी मुख्य रस्त्यापर्यंत जातो आणि बसस्टॉपच्या बाकावर टेकतो. समोरून मोटारी जात असतात. जातात कसल्या, उभ्याच असतात. काचा बंद, आत एकेक माणूस, कानाला फोन. बाकाशेजारी घरकाम करणाऱ्या तीन-चार बायका आणि गार्डचा निळा गणवेश घातलेला एखादा माणूस बसची वाट बघत उभा असतो. बस लांबून दिसते. दिसते तेव्हापासून ती आमच्यापर्यंत येईतो माझं अर्धं वर्तमानपत्र वाचून होतं. बायका तिच्याकडे बघतही नाहीत. पदराच्या टोकानं नाक झाकून आपसात बोलत राहतात. या उशिराचा कुणी तरी जबाब द्यायला हवा, असं त्यांच्या मनातही येत नसावं. माझ्या येतं, कारण हा रस्ता आमच्या ऑफिसनं काढला आहे.

माझे वडील केंद्र सरकारात होते, म्हणून माझं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात गेलं. आमच्या जिन्यावर एक मल्याळी, एक बंगाली आणि दोन पंजाबी कुटुंबं होती. सकाळी सव्वाआठला सगळ्यांचे वडील एकाच बसस्टॉपवर उभे असत. त्यात हुद्देदार असत, त्यांचे शिपाईही असत. बस आली की हुद्दा खाली राहायचा आणि माणसं वर चढायची. बसमध्ये बसणं ही कमीपणाची गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळलं. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आम्ही गुडगावात फ्लॅट घेतला तेव्हा कळलं.

त्या वर्षांत गुडगाव रोज सकाळी वेगळं दिसायचं. काल जिथं मोहरीचं शेत पिवळंधमक होतं, तिथं आज पत्र्याचं कुंपण. पुढच्या हिवाळ्यात तिथं काचेची इमारत. नवे पगार, नवी नोकरीची नावं, परदेशी कंपन्यांच्या पाट्या. दर आठवड्याला सोसायटीतलं कुणीतरी नव्या गाडीचे पेढे घेऊन दारात उभं. आम्हीही एक छोटी मारुती घेतली आणि मीही पेढे वाटले. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

मी रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या एका लहानशा सल्लागार कंपनीत इंजिनीअर होतो. आमच्या सेक्टरांपासून दिल्लीच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या या रस्त्याचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मी तो मोठ्या हौसेनं काढला. रस्ता आडवा कापला तर कसा दिसेल, याचं एक चित्र असतं. छेद म्हणतात त्याला. कडेला पदपथ, मग झाडं, मग सायकलींची वाट, मग मोटारी, आणि अगदी मधोमध, दोन्ही बाजूंना कठडा घालून, फक्त बसेससाठी राखलेली मार्गिका. एक जायला, एक यायला. मोटारी अडल्या तरी बस अडणार नाही. मी त्या पट्टीत शाईनं एक छोटी बसही काढली होती. खिडक्यांत डोकी काढली होती. असली चित्रं काढायची नसतात, पण काढली.

बैठकीत समोर बसलेल्या बड्या अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून त्या बसकडे पाहिलं. माणूस सभ्य होता. मला चहा विचारला, बिस्किटं पुढे केली. मग म्हणाले, "सबनीसजी, ये बस में बैठेगा कौन? यहाँ जो आएगा, अपनी गाड़ी में आएगा."

मी म्हटलं, "सर, जो गाड़ी धोएगा, वो?"

ते हसले. बाकीचेही हसले, कारण ते हसले होते. "उसके लिए साइड में जगह है ना," ते म्हणाले. "बीच की जगह गाड़ियों को दे दीजिए."

बाहेर पडल्यावर माझे साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कर दो यार. अपना रोड थोड़े ही है."

तेव्हा आमची कामं ट्रेसिंग पेपरवर शाईनं होत. शाई पुसता येत नाही, ब्लेडनं खरवडावी लागते. हळूहळू, कागद न फाटता, आडव्या हातानं. मी दुपारभर ती पट्टी खरवडत बसलो. बारीक काळी भुकटी टेबलावर जमायची, ती मी फुंकून टाकायचो. मग त्या जागी मोटारींच्या दोन रेघा वाढवल्या, कोपऱ्यातल्या चौकटीत नवी तारीख घातली आणि खाली सही केली. घरी येऊन बायकोला, नलिनीला, यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? रोज कुठला ना कुठला आराखडा बदलायचा.

नसीम मुलाणी आमच्याकडे आली ती त्यानंतर तीन-चार वर्षांनी. बार्शीजवळच्या एका गावची मुलगी. वडील एसटीत कंडक्टर. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. ती दिल्लीत केंद्रीय सेवांच्या परीक्षेचा अभ्यास करत होती आणि मुनिरकामध्ये आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहत होती. आर. के. पुरमच्या गणेशोत्सवात महाराष्ट्रातून आलेली अशी बरीच मुलं जेवायला येतात. त्यांत ही एकटी नलिनीच्या मागे स्वयंपाकघरात शिरली आणि न विचारता वरणाला फोडणी घालून मोकळी झाली. नलिनीला ती तिथंच आवडली.

तो तिचा शेवटचा प्रयत्न होता. पहिल्या दोन खेपांना पूर्वपरीक्षाच अडली, तिसऱ्या खेपेला मुलाखतीपर्यंत पोचून नाव राहिलं. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. मुख्य परीक्षेच्या ऐन तोंडावर मुनिरकातल्या तिच्या घरमालकानं वरचा मजला चढवायला काढला. दिवसभर डोक्यावर हातोडे, सळयांचा खणखणाट, पुस्तकांवर सिमेंटची पूड. ती नलिनीला सांगत होती, तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून. नलिनी म्हणाली, "अगं, मग चल ना आमच्याकडे. दिवसभर घर रिकामं असतं. अभि हॉस्टेलवर, आम्ही दोघं ऑफिसला. बिल्कुल शांतता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण काका, परीक्षा तिकडे दिल्लीत. मुनिरकाहून जवळ पडतं."

"बस आहे ना," मी म्हटलं. "थेट जाते. सातची पकड, पावणेनऊला तिथे. मी रोज बघतो."

हे वाक्य मी बोललो. रस्ता काढणारा माणूस बोलतोय म्हटल्यावर तिनं मान डोलावली.

ते दिवस मी विसरत नाही. अभिच्या खोलीत टेबलाशी ती पाठ ताठ करून बसायची, खांद्यावर नलिनीची जुनी शाल. खिडकीतून सातविणीचा वास यायचा. ती म्हणाली, "आमच्या शाळेमागं होती एक. गुरुजी सांगायचे, खाली झोपू नका." तिला शब्द ठाऊक होता, याचं मला अप्रूप वाटलं. त्या वर्षी रमजान नोव्हेंबरातच आला. शेवटचे पेपर रोज्यांत पडले. नलिनी पहाटे उठून तिच्यासाठी थालीपीठ लावायची. नसीम म्हणायची, "काकू, नका हो उठू, मी दूध-पोळी खाईन." नलिनी ऐकायची नाही. आमच्या घरात तितक्या पहाटे तव्याचा वास कधी सुटला नव्हता. मी अंथरुणातूनच दोघींचं हळू आवाजातलं बोलणं ऐकायचो. आपल्याला मुलगी असती तर घर असंच वाजलं असतं, असं वाटायचं.

पेपर एकामागून एक चांगले जात होते. संध्याकाळी ती बसमधून उतरून यायची तेव्हा तिच्या चालण्यावरून कळायचं. मी एक-दोनदा म्हणालो, "उद्या मी सोडतो गाडीनं." ती हसायची. "काका, कंडक्टरची पोरगी आहे मी. मला बसमध्येच झोप लागते, बसमध्येच अभ्यास होतो. तुमच्या गाडीत मला मळमळतं." मी आग्रह केला नाही. खरं म्हणजे मला त्या सकाळी उलट दिशेला, मानेसरच्या साइटवर जायचं असायचं. तिच्या नकारानं माझी सोय होत होती.

शेवटच्या पेपरच्या सकाळी धूर नेहमीपेक्षा दाट होता. तिनं नलिनीला वाकून नमस्कार केला, मग मला. "आज संपलं, काका." पाठीवर पिशवी घेऊन ती गेली. मी बाल्कनीतून पाहिलं, ती कोपऱ्यावर वळली आणि धुरात नाहीशी झाली. मग मी दाढी करायला घेतली.

पुढचं तिनं सांगितलं ते, आणि मी नंतर बघून आलो ते.

सातची बस वेळेवर आली. तिला खिडकीजवळ जागाही मिळाली. सीमा दीडेक किलोमीटरवर असताना बस थांबली. पुढे बजरीनं भरलेल्या ट्रकचा आस तुटला होता. ट्रक डाव्या कडेला कलंडून सगळी बजरी रस्त्यावर पसरली होती. डावीकडच्या मोटारी उजवीकडे घुसल्या. उजवीकडे जागा संपली तशी काही जणांनी दुभाजकाच्या फटीतून पलीकडे गाड्या घातल्या, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. मग तिकडूनही सगळं बंद. कुणालाच हलता येईना. हॉर्न. फक्त हॉर्न. बसमध्ये साठेक माणसं, कुणी गिरणीत, कुणी इस्पितळात, कुणी शाळेत कामाला जाणारी, आणि बसच्या चारी बाजूंना एकेका माणसाची एकेक मोटार.

तिनं अर्धा तास वाट पाहिली. आणखी दहा मिनिटं पाहिली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, दरवाजा खोल दो." ड्रायव्हर म्हणाला, "बेटी, पैदल कहाँ जाओगी?" तरी त्यानं दार उघडलं.

मोटारींच्या मधून वाट काढत ती सीमेकडे निघाली. रिक्षावाल्यांना विचारलं. गुडगावच्या रिक्षा दिल्लीत जात नाहीत. एका मोटारीची काच तिनं ठोठावली. आतल्या बाईनं बोटानं नाही म्हटलं. बाईचं तरी काय चुकलं; तीही अडकलेलीच होती. कलंडलेल्या ट्रकपाशी पोलिस उभे होते, वाद चालला होता. ट्रकच्या पलीकडे रस्ता रिकामा होता. अगदी रिकामा. धुरातून लांबपर्यंत नुसतं डांबर दिसत होतं, आणि त्यावर एकही वाहन नव्हतं, कारण सगळी वाहनं मागे होती. बस मिळायची तर ती मागूनच येणार, आणि मागचं काही येणार नव्हतं. ती त्या मोकळ्या रस्त्यावरून धावायला लागली. रोजा होता. पाण्याचा थेंब नाही. सीमा ओलांडून महिपालपूरपर्यंत धावली, चालली, परत धावली. तिथं तिला बस मिळाली, पुढे रिक्षा मिळाली.

पेपर दहाला सुरू झाला होता. साडेदहानंतर आत सोडत नसत. ती पोचली तेव्हा दहा चाळीस झाले होते.

फाटकावरच्या माणसानं तिची कहाणी ऐकून घेतली. आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. परत आल्यावर तो तिच्याकडे बघेना. त्यानं आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती म्हणाली, "काका, तो चांगला होता. त्याच्या हातात काही नव्हतं."

मी संध्याकाळी पाचला घरी आलो तेव्हा नलिनी दारातच होती. तिनं खुणेनंच काय ते सांगितलं. नसीम स्वयंपाकघरात ओट्याशी बसून फळं चिरत होती. रोजा सोडायची वेळ होत आली होती. तिच्या चपला दाराशी पडल्या होत्या, एकीचा अंगठा तुटलेला. तिच्या टाचांना नलिनीनं हळद लावली होती. वेळ झाली तसा तिनं खजूर तोंडात घातला, पाणी प्यायली, आणि आम्हालाही खजूर दिले. आम्ही तिघं उभ्याउभ्याच खात होतो. कुणाला बसायचं सुचत नव्हतं.

मग तिनं मला विचारलं. आवाज अगदी साधा होता, शाळेतल्या मुलीनं शंका विचारावी तसा. "काका, बसला वेगळा रस्ता का नाही ठेवत हो? मधे नुसती एक वाट. तुम्ही तर रस्तेच काढता ना?"

नलिनीनंही माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "जागा नसते गं."

तिनं मान डोलावली. तिला ते पटलं. मी सांगितलेलं तिला नेहमीच पटायचं.

दुसऱ्या दिवशी मी मानेसरला न जाता त्या जागी गेलो. गाडी कडेला लावून उतरलो. ट्रक हलवला होता. बजरी अजून पडली होती, तेलाचा डाग होता, काचा होत्या. सगळं डाव्या बाजूला. मी पावलं मोजत मधोमध गेलो. हॉर्न देत गाड्या माझ्या दोन्ही बाजूंनी जात होत्या, एकानं शिवीही दिली. जिथं माझी पट्टी होती, जिथं ती असती, तिथं बजरीचा एक खडाही नव्हता. डांबर स्वच्छ होतं. बस तिथून सरळ निघून गेली असती. खिडकीजवळ ती झोपलीही असती.

चार दिवसांनी तिचे वडील तिला न्यायला आले. रेल्वेनं दोन दिवसांचा प्रवास करून आलेला बारीक, उंच माणूस. एसटीचा खाकी सदरा, वर हातविणीचा स्वेटर. सोबत बार्शीहून ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. आमच्या सोफ्यावर ते कडेलाच बसले. मी माफी मागायच्या तयारीनं शब्द जुळवत होतो. तेवढ्यात तेच म्हणाले, "साहेब, तुमचे उपकार झाले. परक्या गावात पोरीला घर दिलंत. वहिनींनी सहेरीला उठून रांधलं म्हणे. कोण करतं हो?"

मी म्हटलं, "मास्तर, मीच तिला बसनं जा म्हणालो."

"मग काय चुकलं? मीही हेच सांगितलं असतं. तीस वर्षं झाली, गाडी उशिरा पोचली की लोक मला बोलतात. त्यांचा राग खरा असतो. कुणाचं लगीन, कुणाचा दवाखाना. मी काय सांगू त्यांना? रस्ता माझा थोडाच आहे." आणि ते किंचित हसले.

मी उठून पाणी आणायला आत गेलो. पाणी टीपॉयवर होतंच.

ती गेली तेव्हा अभिची खोली तिनं झाडून, पुसून, पुस्तकं जिथल्या तिथं लावून ठेवली होती. शाल घडी करून उशीवर. नलिनीनं ती शाल पुन्हा कधी अंगावर घेतली नाही. मी साहेबांना सांगून दोन-तीनदा त्या रस्त्याच्या फेरविचाराचं टिपण पाठवलं. उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "सबनीस, रोड बन गया भाई. अब क्या तोड़ेंगे?"

पुढे दिल्लीत एका रस्त्यावर अशी पट्टी झाली. मधोमध, बसेससाठी. मी सुटीच्या दिवशी नलिनीला न सांगता ती बघायला गेलो. एका स्टॉपवरून दुसऱ्या स्टॉपवर उगाच बसनं फिरलो. दोन्हीकडे मोटारी अडकलेल्या आणि आमची बस मधून चाललेली. माझ्या शेजारी एक प्लंबर बसला होता, पायांत हत्यारांची पिशवी. तो आपणहून म्हणाला, "अंकल, पहली बार लगा कि सरकार ने हमें देखा है." पण मोटारीत बसलेल्यांना मधली मोकळी जागा बघवेना. आपण थांबलोय आणि ते जाताहेत, हे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. वर्तमानपत्रांतून ओरड झाली. ही पट्टी करण्यातही चुका होत्या, नव्हत्या असं मी म्हणणार नाही. चुका दुरुस्त करता येतात. ती उखडून टाकली. तेही बघायला मी गेलो. यंत्राचा दात कठड्याखाली जायचा आणि कठडा दातासारखाच उपटून यायचा. चहाच्या टपरीवर लोक आनंदानं बघत होते. त्यांतले बरेच बसनंच घरी जाणारे होते.

आता आमच्या रस्त्याला आणखी मार्गिका जोडल्या आहेत. वरून उड्डाणपूल गेला आहे. मेट्रो आली, पण स्टेशनपर्यंत पोचायला याच रस्त्यावर उभं राहावं लागतं. नवी नवी सेक्टरं आणखी पुढे सरकली आहेत, जिथं माझ्या बाकाशेजारच्या बायका कामाला जातात. त्यांच्याही रस्त्यांचे आराखडे कुणीतरी केले असतील. मी एकदा अशा एका आराखड्याच्या जाहीर सुनावणीला जाऊन बोललो. तरुण इंजिनीअर होता, हुशार, नम्र. त्यानं संगणकावर छेद दाखवला. बस डावीकडे, मोटारींच्या गर्दीत. मी मधल्या जागेबद्दल विचारलं. तो म्हणाला, "सर, आप बिल्कुल सही कह रहे हैं. पर क्लायंट नहीं मानेगा." त्याच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं काहीतरी दिसलं आणि मी खाली बसलो.

नसीमचा दर दिवाळीला फोन येतो. ती पंचायत समितीत कारकून आहे. राज्याची परीक्षा दिली होती तिनं, पण मन लागलं नाही म्हणाली. लग्न झालं, एक मुलगी आहे. मास्तर वारले. ती मजेत असल्याचं सांगते, आणि मला ते तपासून बघता येत नाही. ऑफिसातल्या साहेबांचे कागद तीच लिहून देते, असं एकदा बोलताबोलता म्हणाली. ते साहेब तिच्यापेक्षा वयानं लहान आहेत.

यंदाही फोन आला, दिवाळीची सुटी संपल्यावर, तिच्या ऑफिसातून. सकाळची वेळ. नलिनी ओट्याशी भाजी निवडत होती, फोन स्पीकरवर टेबलावर ठेवलेला. फराळ, गुडघे, अभिची बदली, सगळं बोलून झालं. "काका आहेत का? खोकला बरा आहे का त्यांचा?" तिनं विचारलं. मी फोन हातात घेतला. घशात धूर होता. आणि मी सांगून टाकलं. कसं सुरू केलं ते आठवत नाही. त्या रस्त्यावर मधे बसची वाट होती. मी काढली होती. नको म्हणाले म्हणून मीच खरवडली. सही माझी आहे. जागा नसते म्हणालो ते खोटं होतं, जागा होती.

नलिनीचे हात थांबले. तिलाही हे आजच कळत होतं.

फोनवर मागे नसीमच्या ऑफिसातला पंखा घरघरत होता. मला वाटलं ती रडेल, किंवा चिडेल, किंवा मोठ्या मनानं म्हणेल की जाऊ द्या काका, झालं ते झालं. मी या तिन्हींची तयारी केलेली होती.

"केवढी होती ती वाट?" तिनं विचारलं.

"साडेतीन मीटर. एका बाजूची."

"एवढीच?"

मी हो म्हणालो. पलीकडे कुणीतरी तिला फाइल मागत होतं. "देते, साहेब," ती म्हणाली. मग मला, "बरं काका, ठेवते." नलिनीनं फोन माझ्या हातातून घेतला, बंद झाल्याची खात्री केली, टेबलावर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत निघून गेली.